सुकामेव्याचं माप वेगळं, वजन वेगळं

दिवाळीत पुण्याच्या भाचीला गोकाकसारखा करदंट, म्हणजे गुळाच्या पाकातली डिंक-सुकामेव्याची वडी, घरी करायचा होता. मी फोनवर सांगितलं, बेदाणे दोन कप. संध्याकाळी तिचा फोन, "मावशी, वड्याच पडत नाहीत गं, नुसता लगदा झालाय." विचारलं तर तिनं ४८० ग्रॅम बेदाणे तोलून घातले होते. कप २४० मिलिलिटरचा, म्हणून दोन कप ४८० ग्रॅम, असा तिचा हिशेब.

हा हिशेब पाण्याला लागू पडतो, बेदाण्याला नाही. मिलिलिटर भांड्यात किती जागा आहे ते सांगतं, ग्रॅम त्या जागेत किती ऐवज बसला ते. बेदाण्यांच्या मधे हवा राहते. २४० मिलिलिटरच्या कपात सुटे बेदाणे साधारण १४५ ग्रॅम बसतात, दाबून भरले तर १६५. म्हणजे तिला २९० ग्रॅम पुरले असते. जवळजवळ २०० ग्रॅम जास्तीचा ओलावा आणि गोडवा पाकात गेल्यावर वड्या पडणार कशा?

आपल्याकडे हा घोळ जुनाच आहे. शेर हे मापही होतं आणि वजनही. जोंधळा मापायचा तो शेर, आणि तागडीत ८० तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅमचा, तोही शेरच. १९५६ च्या कायद्यानं मेट्रिक वजनमापं आली, तरी स्वयंपाकघरात वाटीच राहिली आणि दुकानात मात्र ग्रॅम आले.

सगळ्यात फसवं खोबरं. 'खोबऱ्याची एक वाटी' म्हणजे सुक्या नारळाचं अख्खं अर्ध, आणि 'एक वाटी खोबरं' म्हणजे वाटीभर कीस. आई करदंट सांगताना दोन्ही शब्द वापरायची आणि मी लहानपणी दरवेळी विचारायची, कुठली वाटी? कीस इतका हलका की कपभर घेतला तरी ८०-९० ग्रॅमच्या आसपासच भरतो.

बदामाचंही तसंच. एक कप अख्खे बदाम १४० ग्रॅमच्या वर जातात, पातळ कापांचा कप ९० च्या आसपास. म्हणून 'एक कप बदाम, काप करून' आणि 'एक कप बदामाचे काप' यांत ५० ग्रॅमचा फरक पडतो. डिंक तर तळला की फुलून कितीतरी पट होतो. तो कच्चा मापायचा की तळून, हे कृतीत लिहिलं नसेल तर लिहिणाऱ्याला विचाराच.

आपली वाटी किती मोठी आहे ते एकदाच काढून ठेवा. रिकामी वाटी काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणा, काठोकाठ पाणी भरा. जितके ग्रॅम, तितके मिलिलिटर. त्या आकड्याला बेदाणे, अख्खे बदाम किंवा चिरलेल्या खजुरासाठी ०.६ नं गुणा, बदामाच्या कापांसाठी ०.४ नं, खोबऱ्याच्या किसासाठी ०.३५ नं. किसाची जाडी आणि खजुराचा ओलावा बदलतो, त्यामुळे पाच-दहा ग्रॅम इकडेतिकडे होणारच; करदंटाला तेवढं चालतं.

आईची पितळी वाटी १६० मिलिलिटरची निघाली. तिच्या वहीत 'बेदाणे १ वाटी' च्या शेजारी मी पेन्सिलीनं ९५ ग्रॅम लिहिलंय, किसापुढे ५५. रविवार पेठेत जाताना आता यादी तशीच नेते, आणि भाचीलाही त्याच पानाचा फोटो पाठवलाय.