आडनावात गाव, पण कबर कुठं? कोकणातल्या बेने इस्रायली कबरस्तानांची पार्श्वभूमी

अलिबागच्या उत्तरेला, नवगावच्या किनाऱ्याजवळ, बेने इस्रायली म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजाचं जुनं कबरस्तान आहे. समाजात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात ते असं: पूर्वजांचं गलबत इथं फुटलं, सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या, आणि समुद्रानं किनाऱ्यावर टाकलेले बाकीच्यांचे देह त्यांनी इथंच पुरले. त्या उंचवट्यांवर एक अक्षरही नाही. तरी इस्रायलहून कोकणात येणारी माणसं इथं येऊन माथा टेकवतात. पण नवगाव साऱ्या समाजाचं. आपल्या पणजोबांची कबर कुठं, हे तिथं कळत नाही.

हा समाज शतकानुशतकं आजच्या रायगड जिल्ह्यातल्या गावागावांत विखुरलेला होता. तेलाचा घाणा हा मुख्य धंदा, आणि शनिवार हा ज्यूंचा धार्मिक विश्रांतीचा दिवस असल्यानं त्या दिवशी घाणा बंद, म्हणून गावकरी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. गावाचंच नाव पुढं आडनाव झालं: किहीमचे किहीमकर, दिवेआगरचे दिवेकर, झिराडचे झिराडकर, अष्टमीचे अष्टमकर, राजपुरीचे राजपूरकर, पेणचे पेणकर. वंशावळ शोधणाऱ्याला हा मोठाच आधार वाटतो, आणि इथंच बहुतेकांची फसगत होते. आडनाव सांगतं ते घराणं एके काळी कुठं होतं एवढंच. दिवेकरांचा एखादा पूर्वज चार पिढ्या आधीच दिवेआगर सोडून दुसरीकडं घाणा टाकून बसलेला असू शकतो. शिवाय दिवेकर, पेणकर ही आडनावं इतर समाजांतही आहेत.

अठराव्या शतकात मुंबईची वाट मोकळी झाली. कित्येक जण कंपनीच्या पलटणीत भरती झाले, सुभेदार-जमादार झाले. सॅम्युएल इझिकेल दिवेकर त्यांतलेच. टिपूच्या कैदेतून सुटका झाल्यावर त्यांनी 1796 साली मुंबईत समाजाचं पहिलं प्रार्थनालय बांधलं, असं सांगतात. लोक त्यांना ओळखत ते सामाजी हसाजी म्हणून. सॅम्युएलचा सामाजी, इझिकेलचा हसाजी, अब्राहमचा अबाजी, मोझेसचा मुसाजी, ही तेव्हाची चारचौघांतली नावं. आज इस्रायलमधला नातू ‘इझिकेल’ शोधत जातो आणि ‘हसाजी’ लिहिलेल्या दगडावरून त्याची नजर पुढं सरकते. जाण्यापूर्वी आपल्या घराण्यातली दोन्ही तऱ्हांची नावं शेजारी शेजारी लिहून घ्यावीत, असं मी प्रत्येकाला सांगतो.

हिब्रूचं वाचन कोकणात रुजलं ते बऱ्याच उशिरा. कोचीनहून आलेले शिक्षक, मिशनऱ्यांच्या शाळा आणि जॉन विल्सन यांचं 1832 मधलं मराठीतून लिहिलेलं हिब्रू व्याकरण यांचा त्यात वाटा आहे. अलिबागचं मागेन आबोथ प्रार्थनालय 1848 चं. म्हणून त्याआधीच्या कबरींवर मजकुराची फार अपेक्षा धरू नये.

मराठी आणि हिब्रू, दोन्ही ओळी शाबूत असलेला दगड मिळाला तर तो सोन्यासारखा. मराठी रीतीनं बाईच्या नावापुढं नवऱ्याचं नाव येतं, हिब्रू रीतीनं ‘बाथ’ म्हणजे ‘मुलगी’ असं म्हणून बापाचं. एकाच दगडावर सासर आणि माहेर, दोन्ही! घरच्या कागदांत हरवलेलं आजीचं माहेर असं सापडू शकतं.

हिब्रू सन अक्षरांत लिहितात आणि पाच हजारांचा आकडा बहुधा गाळतात. ताव म्हणजे 400, रेश 200, सामेख 60. बेरीज 660, म्हणजे हिब्रू सन 5660. त्या 660 मध्ये 1240 मिळवले की 1900 येतं. हिब्रू वर्ष भाद्रपद-आश्विनाच्या सुमारास पालटतं, म्हणून ते त्याआधीच्या इसवी सनात सुरू झालेलं असतं. मृत्यू वर्षाच्या सुरुवातीच्या महिन्यांतला असेल तर 1899 धरावं लागतं. झिजलेल्या दगडावर ‘हे’ (5) आणि ‘हेथ’ (8) यांत गल्लत फार होते, कारण फरक एका बारीक फटीचा. अशा वेळी दोन्ही शक्यता नोंदवाव्यात, आपल्या मनाने एक ठरवू नये.

1948 नंतर समाज मोठ्या संख्येनं इस्रायलला गेला. तेव्हा भारतात त्यांची संख्या सुमारे 20 हजार होती. आज काही हजार उरले आहेत. गावातलं शेवटचं घर बंद झालं की कबरस्तानावर रान माजतं. करवंदीच्या जाळ्या, घाणेरी, वडाची मुळं दगड उचकटतात. पुढं कुंपण सरकतं, आणि एक दिवस ती जागा कुणाच्याच लक्षात राहत नाही.

ती पुन्हा शोधायची तर तलाठ्याकडं सातबारा पाहावा. दफनभूमीची जमीन पोटखराब ‘ब’ वर्गात, म्हणजे सार्वजनिक वापराच्या, शेतसारा न लागणाऱ्या जमिनीत नोंदली जाते. भूमी अभिलेखच्या जुन्या गाव नकाशावरही ती वेगळी दाखवलेली मिळू शकते. मुरूड, श्रीवर्धन, म्हसळा हा भाग 1948 पर्यंत जंजिरा संस्थानात होता, तेव्हा तिकडचे जुने कागद ब्रिटिश कुलाबा (आजच्या रायगड) जिल्ह्याच्या दप्तरात शोधून उपयोग नाही. आणि कागदाआधी गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारावं. ‘बेने इस्रायल’ म्हटल्यावर ज्यांना काही उमगत नाही, त्यांना ‘शनिवार तेल्यांची जागा’ म्हटल्यावर वाट आठवू शकते.

दगडावर खडू, पीठ किंवा तारेचा ब्रश कधीही वापरू नये. त्यानं उरलेली अक्षरंही जातात. साधं पाणी आणि मऊ ब्रश पुरेसा. सकाळी आठच्या आत किंवा ऊन कलल्यावर फोटो घ्यावा. तिरप्या उन्हात कोरलेल्या रेघांत सावली धरते आणि दुपारी कोरा वाटलेला दगड वाचता येतो. झाडाच्या सावलीत असेल तर बाजूनं आरसा धरावा. आधी संपूर्ण कबरस्तानाचा फोटो, मग रांगेचा, मग एकेका दगडाचा, म्हणजे शेजारी कोण पुरलं आहे ते कळतं. न वाचलेल्या दगडांचाही क्रमांक टाकावा. आज वाचता न आलेली ओळ पुढच्या पावसाळ्यानंतर कदाचित कुणालाच वाचता येणार नाही. तुमच्या फोटोत ती राहील.