मुशीतून वाचलेलं सोनं

अमेरिकेची १८३४ पूर्वीची सोन्याची नाणी इतकी दुर्मीळ का, असं विचारलं की बहुतेक जण म्हणतात, मुळात पाडलीच कमी. हे अर्धंच खरं आहे. १८२२ साली फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत पाच डॉलरची १७,७९६ नाणी पाडल्याची नोंद आहे. त्या सालाची आज फक्त तीन माहीत आहेत. बाकीची मुशीत गेली, आणि त्याला कारण झालं कायद्यातलं एक प्रमाण.

२ एप्रिल १७९२ च्या कायद्याने दहा डॉलरचा ईगल, पाचाचा हाफ ईगल आणि अडीचाचा क्वार्टर ईगल ठरवला. ईगल २७० ग्रेनचा. आपला जुना तोळा १८० ग्रेनचा, म्हणजे ईगल बरोबर दीड तोळ्याचा आणि हाफ ईगल पाऊण तोळ्याचा. सोनंही आपल्या दागिन्यांसारखं २२ कॅरेट. टांकसाळीच्या अधिकाऱ्यांकडे दहा-दहा हजार डॉलरचा जामीन मागितल्याने काम रखडलं, आणि पहिले ७४४ हाफ ईगल तयार व्हायला ३१ जुलै १७९५ उजाडला.

याच कायद्यात सोन्या-चांदीचं प्रमाण १ ला १५ धरलं होतं, म्हणजे एक तोळा सोन्याला पंधरा तोळे चांदी. पुढे युरोपात सोनं चढलं; फ्रान्सने १८०३ साली साडेपंधराचा भाव बांधला. मग व्यापारी कशाला थांबतील? अमेरिकेतलं सोनं जहाजात चढवायचं, युरोपात आटवायचं आणि फरक खिशात घालायचा. १८०४ नंतर ईगल पाडणंच थांबलं, ते थेट १८३८ पर्यंत. हाफ ईगल मात्र निघत राहिले आणि निघाले तसे परदेशी जात राहिले. १८३४ मध्ये नाण्यातलं सोनं कमी केलं, तेव्हा जुना पाचाचा हाफ ईगल नव्या हिशेबाने सुमारे ५ डॉलर ३३ सेंटचा झाला. उरलीसुरली नाणीही आटवायला निघाली.

टांकसाळीतला जुना जाणता माणूस अ‍ॅडम एकफेल्ड आटवायला आलेल्या सोन्यातून चांगली नाणी बाजूला काढून ठेवी. माझ्या मते नाणी जमवण्याच्या छंदावर त्याच्याइतके उपकार कुणाचेच नाहीत. १८३८ मध्ये त्यातून टांकसाळीचा संग्रह उभा राहिला. तो १९२३ साली वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन या संग्रहालय-संस्थेकडे गेला. १८२२ च्या तिघांपैकी दोन हाफ ईगल आज तिथेच आहेत. तिसरा २०२१ च्या मार्चमध्ये लिलावात ८४ लाख डॉलरला गेला.

असं एखादं नाणं भिंगाखाली धरलं तर कधी कधी त्यावर बारीक समांतर रेघा दिसतात. नवखा संग्राहक त्यांना ओरखडे समजून नाणं परत ठेवतो. त्या कानशीच्या खुणा आहेत. चकती वजनाला जास्त भरली, की ठसा उमटवण्याआधी ती कानशीने घासत. सुरुवातीच्या या नाण्यांवर किंमतही कोरलेली नसे. पहिल्यांदा ती १८०७ च्या हाफ ईगलवर आली. तोवर नाण्याचं मोल ठरायचं ते तराजूतच.