‘जास्त’ संत्री की ‘मोठी’ संत्री?

एका बाजूला तीन मोठी संत्री ठेवा, दुसऱ्या बाजूला पाच लहान, आणि चार वर्षांच्या लेकराला विचारा, “कोन्तीकडे जास्त हायेत?” बरीच मुलं मोठ्या संत्र्यांकडे बोट दाखवतात. पाचापर्यंत मोजता येणारीसुद्धा. ‘जास्त’ आणि ‘मोठं’ हे त्यांच्यासाठी अजून एकच असतं.

मराठीत या दोन्हींचे प्रश्नच वेगळे आहेत, ही आपली केवढी सोय! ‘किती?’ म्हटलं की उत्तर येतं जास्त, कमी, पाच. ‘केवढं?’ म्हटलं की मोठं, लहान, वीतभर. पण घरात दोन्हीकडे ‘लय’ चालतं: लय संत्री, लय मोठं संत्रं. ‘लय’ सोडू नका, त्याला नेमका शब्द जोडा: “लय संत्री हायेत, आठ हायेत.”

चुकलं म्हणून लगेच दुरुस्त करू नका. एका मोठ्या संत्र्यासमोर एक लहान, अशा जोड्या लावायला सांगा. दोन लहान उरतात. “हे दोन उरले, म्हणून इकडे जास्त.” मग लगेच विचारा, “आन् सगळ्यात मोठं कोन्तं?” दोन्ही प्रश्न एकाच ढिगाऱ्यावर विचारले, तरच फरक दिसतो.

तुरीच्या सहा-सहा दाण्यांच्या दोन ओळी मांडून एक लांबवली, तर सहा-सात वर्षांच्या आतली पुष्कळ मुलं लांब ओळीत जास्त दाणे आहेत म्हणतात. ज्याँ पियाजे या मानसशास्त्रज्ञाने हे दाखवून दिलं. इथे तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला, तर आपलं आधीचं उत्तर चुकलं असं वाटून लेकरू ते बदलतं. त्यापेक्षा त्याच्याच हाताने दाणे पुन्हा जवळ आणू द्या.

खरी गुंतागुंत ‘मोठं’मध्ये आहे. मोठी काठी म्हणजे लांब. मोठं झाड उंच. मोठी विहीर खोल की रुंद? मोठा भाऊ तर वयाने, तो धाकट्यापेक्षा ठेंगणाही असू शकतो. म्हणून “मोठी काठी आण” ऐवजी “लांब काठी आण” म्हणा. दोर जाड की बारीक, खड्डा खोल की उथळ, हेही बोलण्यात येऊ द्या. एकाच टोपल्यात आधी कापूस भरा, मग ज्वारी. टोपलं तेवढंच, पण ज्वारीचं जड. ‘जड’ हा शब्द लेकराला उचलूनच कळतो.

शाळेत हाच गोंधळ पुन्हा भेटतो. पाटीवर ५ ठळक आणि ८ बारीक लिहून “मोठी संख्या कोणती?” विचारलं, तर काही मुलं ५ वर बोट ठेवतात. अशा वेळी आठ आणि पाच चिंचोके समोर मांडा आणि ‘मोठी’ ऐवजी विचारा, “जास्त कोन्तीकडे?”