सोडियमचा अकरावा इलेक्ट्रॉन

शाळेच्या प्रयोगशाळेत सोडियम रॉकेलमध्ये बुडवून ठेवलेलं असतं. तुकडा बाहेर काढून सुरीने कापला, तर तो लोण्यासारखा कापला जातो आणि आतली चकचकीत बाजू बघता बघता मळकट होते. हवेतल्या ऑक्सिजनशी आणि बाष्पाशी संयोग होऊन सोडियमचे अणू एकेक इलेक्ट्रॉन गमावून धनप्रभारित अणू, म्हणजे आयन, झालेले असतात.

अष्टक, म्हणजे बाहेरच्या कवचात आठ इलेक्ट्रॉन, पूर्ण व्हावं म्हणून सोडियम एक इलेक्ट्रॉन खुशीने देऊन टाकतं, असं आपल्याला शिकवलं जातं. परीक्षेपुरतं ठीक आहे, पण त्यात खुशीचा मामला अजिबात नाही. सोडियमच्या अणूत केंद्रकात ११ प्रोटॉन आणि भोवतीच्या कवचांत २, ८, १ अशी इलेक्ट्रॉनची मांडणी. अकरावा इलेक्ट्रॉन लांबच्या कवचात, आणि आतले दहा जण केंद्रकाची ओढ बरीचशी अडवतात. क्लोरीनचे बाहेरचे इलेक्ट्रॉनही त्याच तिसऱ्या कवचात असतात, आतले अडवणारेही दहाच. पण केंद्रकात प्रोटॉन १७. म्हणून क्लोरीनचा इलेक्ट्रॉन काढायला मोलमागे (मोल म्हणजे अणूंची एक ठरावीक, प्रचंड संख्या) सुमारे १,२५१ किलोज्यूल लागतात, सोडियमचा ४९६ मध्ये निघतो.

निघतो, म्हणजे काढावा लागतो! सोडियमचा हा इलेक्ट्रॉन क्लोरीनने घेतला की ३४९ किलोज्यूल मिळतात, तरी १४७ ची तूट राहतेच. घन सोडियममधून अणू सुटे करण्याचा आणि क्लोरीनचे रेणू फोडण्याचा खर्च वेगळाच. ही सगळी तूट भरून निघते ती धन आणि ऋण आयन एकमेकांना बिलगून मिठाचा स्फटिक बनतो तेव्हा: सुमारे ७८७ किलोज्यूल बाहेर पडतात.

मग सोडियमचा आणखी एक इलेक्ट्रॉन का निघत नाही? तो आतल्या कवचातला. त्याला ४,५६२ किलोज्यूल मोजावे लागतात. एवढा खर्च कुठलाच स्फटिक भरून देत नाही. मॅग्नेशियमचे बाहेरचे दोन निघतात, तिसऱ्याला ७,७३३ लागतात, म्हणून तिथे प्रभार +२ वर थांबतो.

हिशोब असा असल्यामुळे, धातू इलेक्ट्रॉन देतात या नियमाला अपवादही निघतात. सोन्याचा इलेक्ट्रॉन काढायला ८९० किलोज्यूल लागतात. उलट सोन्याने एक इलेक्ट्रॉन घेतला तर २२३ मिळतात, गंधकापेक्षाही जास्त. सिझियमचा इलेक्ट्रॉन जेमतेम ३७६ मध्ये सुटतो. या दोघांचं सिझियम ऑराइड नावाचं संयुग बनतं, आणि त्यात सोनं चक्क ऋण आयन असतं.