पार्श्वभूमी : भांडवलशाहीचे श्रीमंत टीकाकार

भांडवलशाहीवर टीका करणाऱ्या श्रीमंतांवर ‘लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण’ हा आरोप तसा जुनाच. इंग्रजीत ‘शॅम्पेन सोशॅलिस्ट’ (ऐषारामात राहणारा समाजवादी) हा शब्द त्यासाठीच आहे. जानेवारी १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या पार्क अ‍ॅव्हेन्यूवर एका नामवंत संगीतकाराच्या घरी, बॉम्बस्फोटांच्या कटाचा आरोप असलेल्या कृष्णवर्णीय कार्यकर्त्यांच्या खटल्यासाठी निधी जमवला गेला. त्यावरच्या लेखाने ‘रॅडिकल शिक’ (श्रीमंतांनी फॅशन म्हणून जहाल चळवळींना दिलेला पाठिंबा) हा शब्द रूढ केला. तो दिवाणखाना आणि तिथले खाणेपिणे लोकांच्या लक्षात राहिले. मात्र बहुतेकांचा जामीन प्रत्येकी १ लाख डॉलरचा होता आणि खटला चाललेले सर्व १३ जण १९७१ मध्ये निर्दोष सुटले, हे कुणाला आठवत नाही.

खरा घोळ ‘सेल-आउट’, म्हणजे पैशासाठी तत्त्वे विकणारा, या शब्दाचा आहे. १९७७ च्या जानेवारीत लंडनच्या एका पंक (प्रस्थापितांविरुद्धचे बंडखोर रॉक संगीत) बँडने बड्या रेकॉर्ड कंपनीशी १ लाख पौंडांचा करार केला. पंक त्याच दिवशी मेले, असे चाहत्यांच्याच एका मासिकाने लिहिले. तो आकडा आजही त्यांच्या तोंडावर मारला जातो. त्याच वर्षी कंपनीने बँडला न विचारता त्यांचे एक गाणे सिंगल (सुट्या गाण्याची रेकॉर्ड) म्हणून बाजारात आणले. बँडने त्याचा निषेध करणारे नवे गाणे लिहिले आणि तेही त्याच कंपनीने छापून विकले! १९८० मध्ये तीन रेकॉर्डांचा अल्बम एकाच रेकॉर्डच्या किमतीत विकावा, असा बँडचा हट्ट होता. त्यासाठी त्यांनी ब्रिटनमधल्या पहिल्या २ लाख प्रतींवरची रॉयल्टी सोडली. ढोंगी माणूस स्वतःच्या खिशातून एवढे देत नाही. त्यांच्यावर शिक्का मारण्याआधी तो करार वाचायला हवा होता, असे मला ठामपणे वाटते. १९९१ मध्ये मात्र त्यांचे एक जुने गाणे जीन्सच्या जाहिरातीत वाजले आणि ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेले. तोवर बँड फुटून पाच वर्षे झाली होती. ही बाजूही नाकारता येत नाही.

२०११ चे प्रकरण वेगळे होते. वॉल स्ट्रीटवरच्या ठिय्या आंदोलनाच्या काळात एका श्रीमंत रॅपरच्या कपड्यांच्या ब्रँडने आंदोलनाच्या घोषणेवर बेतलेले टी-शर्ट विक्रीला काढले. नफ्यातला वाटा आंदोलनाला देण्याचे कंपनीने कबूल केले नव्हते. टीका होताच काही दिवसांत ते संकेतस्थळावरून उतरवले गेले.