केंटकीचा ठराव आणि साउथ कॅरोलायनाचा हुकूमनामा

अमेरिकेच्या इतिहासात दोन प्रसंग कायम एकाच दावणीला बांधले जातात. १७९८ साली केंटकी आणि व्हर्जिनिया या राज्यांच्या विधिमंडळांनी ठराव केले की काँग्रेसचे (म्हणजे संघाच्या संसदेचे) काही कायदे घटनाबाह्य आहेत. १८३२ साली साउथ कॅरोलायनाच्या खास अधिवेशनानं जाहीर केलं की काँग्रेसचे जकातीचे कायदे आमच्या हद्दीत रद्दबातल आहेत. दोन्हीकडचा युक्तिवाद सारखाच दिसतो: संघराज्य म्हणजे राज्यांमधला करार, संघ सरकारला दिलेत तेवढेच अधिकार, आणि त्यानं मर्यादा ओलांडली तर राज्यांनी गप्प बसायचं कारण नाही. भरीला एक विलक्षण योगायोग. दोन्ही वेळा मूळ मजकूर लिहिणारा माणूस देशाचा विद्यमान उपाध्यक्ष होता आणि दोघांनीही आपलं नाव लपवलं. १७९८ मध्ये केंटकीच्या ठरावाचा मसुदा लिहिणारा थॉमस जेफरसन, आणि १८३२ चा हुकूमनामा ज्यावर उभा राहिला ते निवेदन १८२८ मध्ये लिहिणारा जॉन कॅलहून.

एवढं साम्य असल्यावर गल्लत होणारच. पण ही गल्लत आपसूक झालेली नाही. साउथ कॅरोलायनाच्या पुढाऱ्यांनी ती जाणूनबुजून केली. ‘९८ ची तत्त्वं’ हे त्यांचं पालुपद होतं. आम्ही नवीन काहीच करत नाही, जेफरसनच्या वाटेनं चाललो आहोत, असं ते सांगत. जेफरसन तोवर वारला होता. व्हर्जिनियाच्या ठरावाचा लेखक जेम्स मॅडिसन मात्र ऐंशीच्या घरात होता आणि जिवंत होता. आयुष्याची अखेरची वर्षं त्यानं हे बजावण्यात घालवली की आम्ही असं म्हटलंच नव्हतं. मॅडिसनचं मुळात बरोबर होतं असं माझं मत आहे. एका जागी त्याची बाजू लंगडी पडते. ती जागाही दाखवतो.

१७९८ मध्ये फ्रान्सशी समुद्रावर अघोषित युद्ध सुरू होतं. अध्यक्ष जॉन अ‍ॅडम्स, काँग्रेसमध्ये फेडरलिस्ट पक्षाचं बहुमत, आणि विरोधात जेफरसन-मॅडिसन यांचा रिपब्लिकन पक्ष (आजच्या रिपब्लिकनांशी याचा संबंध नाही). युद्धाच्या भीतीचा फायदा घेऊन चार कायदे झाले. नागरिकत्वासाठी वास्तव्याची अट ५ वर्षांवरून १४ वर्षांवर गेली. परदेशी माणसाला धोकादायक ठरवून हाकलण्याचा अधिकार अध्यक्षाला मिळाला. १४ जुलैला राजद्रोहाचा कायदा आला: सरकार, काँग्रेस किंवा अध्यक्ष यांच्याविरुद्ध खोटं आणि बदनामीकारक लिहिलं तर २,००० डॉलरपर्यंत दंड आणि दोन वर्षांपर्यंत कैद. या यादीत उपाध्यक्षाचं नाव नव्हतं, कारण उपाध्यक्ष विरोधी पक्षाचा होता. कायद्याची मुदत ३ मार्च १८०१, म्हणजे अ‍ॅडम्सची कारकीर्द संपते त्या आगेमागे. कायदा कोणासाठी केला होता हे यावरून लख्ख दिसतं.

पहिला बळी काँग्रेसचा सदस्यच होता. व्हरमाँटच्या मॅथ्यू लायननं अ‍ॅडम्सच्या डामडौलाच्या हव्यासावर आणि स्वार्थी लोभावर पत्र लिहिलं होतं. ऑक्टोबर १७९८ मध्ये त्याला चार महिन्यांची कैद आणि १,००० डॉलर दंड झाला. तुरुंगात असतानाच मतदारांनी त्याला पुन्हा निवडून दिलं.

न्यायाधीश सगळे फेडरलिस्ट, काँग्रेस फेडरलिस्ट, वर्तमानपत्रांवर खटले. विरोधकांकडे उरली होती ती काही राज्यांची विधिमंडळं. जेफरसनचा मसुदा केंटकीचा आमदार जॉन ब्रेकिन्रिजनं तिथल्या विधिमंडळात नेला आणि नोव्हेंबरमध्ये तो मंजूर झाला. मॅडिसनचा मसुदा व्हर्जिनियात २४ डिसेंबरला मंजूर झाला. प्रत इतर राज्यांना गेली: तुम्हीही आमच्यासारखं म्हणा. उत्तरेकडच्या राज्यांनी साफ नकार दिला. घटनेचा अर्थ लावणं न्यायालयांचं काम, विधिमंडळांचं नाही, असं काहींनी सुनावलं. दक्षिणेतली इतर राज्यं गप्प राहिली.

आता बघायचं ते असं, की ठराव झाल्यावर केंटकीत काय बदललं? काहीच नाही. एकाही संघीय अधिकाऱ्याला अडवलं नाही, एकाही खटल्यात राज्य आडवं आलं नाही. राजद्रोहाचे खटले १८०० सालीही चालूच होते. मॅडिसननं लिहिलेला जो लांबलचक अहवाल व्हर्जिनियाच्या विधिमंडळानं १८०० च्या जानेवारीत मंजूर केला त्यात म्हटलं की असे ठराव म्हणजे मतप्रदर्शन. लोकांना विचार करायला लावणं एवढाच त्यांचा परिणाम. आणि तो परिणाम झाला. १८०० ची निवडणूक जेफरसननं जिंकली, कायदा मुदत संपून गेला आणि शिक्षा झालेल्यांना त्यानं माफी दिली. ठरावांनी जे मागितलं ते मतपेटीतून मिळालं. परकीय शत्रूंसंबंधीचा चौथा कायदा तेवढा आजही पुस्तकात आहे.

१८३२ कडे येताना आधी कापूस समजून घ्यावा लागतो. साउथ कॅरोलायनाचा मळेवाला कापूस लिव्हरपूलला विकायचा. तिथला भाव जागतिक बाजार ठरवी. विकत घ्यायचं ते कापड, लोखंड, अवजारं मात्र संरक्षक जकातीमुळे महाग. जकातीचा फायदा उत्तरेतल्या कारखानदारांना आणि भार आपल्यावर, ही त्याची तक्रार. १८१६ ची जकात माफक होती, १८२४ ला वाढली, आणि १८२८ ला इतकी वाढली की दक्षिणेत तिला ‘किळसवाणी जकात’ असंच नाव पडलं. साउथ कॅरोलायनाचा काँग्रेस सदस्य जॉर्ज मॅकडफी सभांमधून सांगायचा की १०० गासड्यांपैकी ४० गासड्या जकात खाते. अर्थशास्त्र म्हणून हा हिशेब फुगवलेला होता, पण ऐकणाऱ्याला तो पटायचा, कारण १८१९ च्या मंदीनंतर कापसाचे भाव कोसळले होते. खरं तर त्यामागे साउथ कॅरोलायनाची कस गेलेली जमीन होती, आणि अलाबामा-मिसिसिपीच्या नव्या काळ्या मातीतून येणारा स्वस्त कापूस होता. या दोन कारणांवर वॉशिंग्टनमध्ये भांडता येत नव्हतं. जकातीवर येत होतं.

आणि जकातीच्याही खाली आणखी एक थर होता. १८२२ मध्ये चार्ल्सटनमध्ये डेन्मार्क व्हेसीच्या कथित उठावाच्या कटावरून ३५ जणांना फाशी दिलं गेलं. त्यानंतर बंदरात येणाऱ्या जहाजांवरच्या स्वतंत्र कृष्णवर्णीय खलाशांना तुरुंगात डांबणारा कायदा राज्यानं केला. संघीय न्यायाधीश विल्यम जॉन्सन यांनी १८२३ मध्ये तो घटनाबाह्य म्हटला, राज्यानं कानाडोळा केला. राज्याच्या निम्म्याहून अधिक लोकसंख्या गुलामगिरीत होती. काँग्रेस आज जकात लावू शकते तर उद्या गुलामगिरीला हात घालेल, ही भीती मळेवाल्यांच्या मनात पक्की बसली होती. कॅलहूननं स्वतः सप्टेंबर १८३० मधल्या एका खासगी पत्रात कबूल केलं आहे की जकात हे निमित्त आहे, खरं कारण दक्षिणेची ती ‘खास घरगुती व्यवस्था’. १७९८ मध्ये राज्याच्या आडोशाला उभे होते ते संपादक आणि विरोधी मतदार. १८३२ मध्ये त्याच आडोशाला माणसं विकणारे-विकत घेणारे उभे राहिले. हा फरक मला सगळ्यात आधी दिसतो, आणि तो बाजूला ठेवून राज्यांच्या हक्कांवर नुसती तात्त्विक चर्चा करणं मला मान्य नाही.

२४ नोव्हेंबर १८३२ ला राज्याच्या राजधानीत, कोलंबिया इथे भरलेल्या अधिवेशनानं १३६ विरुद्ध २६ मतांनी हुकूमनामा काढला. १८२८ आणि १८३२ चे जकात कायदे १ फेब्रुवारी १८३३ पासून राज्यात लागू नाहीत. राज्याच्या अधिकाऱ्यांनी आणि ज्युरींनी हुकूमनामा पाळण्याची शपथ घ्यावी. या प्रकरणी संघाच्या सर्वोच्च न्यायालयात अपील चालणार नाही. आणि संघानं बळ वापरलं तर आम्ही बाहेर पडू.

यातलं ज्युरींच्या शपथेचं कलम बारकाईनं पाहण्याजोगं आहे. तेव्हा आयातदार जकात लगेच रोख भरत नसे. तो हमीखत लिहून द्यायचा, माल सोडवून न्यायचा आणि पैसे मुदतीनंतर भरायचा. नलिफायरांचा (नलिफिकेशन म्हणजे संघाचा कायदा राज्यानं रद्दबातल ठरवणं; ते करू पाहणारे हे लोक) बेत असा, की व्यापाऱ्यानं हमीखत द्यावं, माल न्यावा आणि मुदत आली की पैसे नाकारावे. सरकार वसुलीसाठी कोर्टात गेलं तर ज्युरी हुकूमनाम्याची शपथ घेतलेले. एकही गोळी न झाडता वसुली बंद. अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सनच्या बाजूनं आलेला तोडगाही तितकाच व्यवहारी होता. १८३३ च्या बलप्रयोग कायद्यानं सांगितलं की गरज पडल्यास जकात कचेरी जहाजावर किंवा किल्ल्यात हलवावी, आणि जकात रोख मिळेपर्यंत माल अडकवून ठेवावा. हमीखतच नाही, मग ज्युरीचा प्रश्नच मिटला.

केंटकीच्या ठरावात असं एकही कलम नव्हतं. तो इतर राज्यांना आणि मतदारांना उद्देशून होता. हुकूमनामा जकात वसूल करणाऱ्या माणसाला उद्देशून होता.

मॅडिसनचा मुख्य आक्षेप मात्र मोजणीचा होता. कॅलहूनच्या सिद्धांतानुसार एका राज्यानं कायदा नाकारला की तो तिथे थांबतो, आणि पुन्हा चालू करायचा तर तीन चतुर्थांश राज्यांनी घटनादुरुस्ती करून काँग्रेसला तो अधिकार द्यावा. तेव्हा राज्यं २४, म्हणजे १८ हवीत. ऑगस्ट १८३० मध्ये मॅसॅच्युसेट्सचा काँग्रेस सदस्य एडवर्ड एव्हरेटला लिहिलेल्या आणि लगेच छापल्या गेलेल्या पत्रात मॅडिसननं दाखवलं की याचा अर्थ ७ राज्यं उरलेल्या १७ राज्यांवर घटनेचा आपला अर्थ लादू शकतील. व्हर्जिनियाच्या ठरावानं राज्यांनी मिळून मध्ये पडावं असं म्हटलं होतं; एकट्या राज्याला नकाराधिकार दिला नव्हता. जुलूम असह्य झाला तर बंड करण्याचा हक्क माणसाला आहेच, पण तो घटनेच्या बाहेरचा हक्क. घटनेत राहून घटना मोडता येत नाही.

लंगडी जागा इथे येते. जेफरसननं १७९८ च्या मूळ मसुद्यात संघानं न दिलेले अधिकार बळकावले तर नलिफिकेशन हाच योग्य उपाय असं स्पष्ट लिहिलं होतं, आणि तोही प्रत्येक राज्याचा नैसर्गिक हक्क म्हणून. ब्रेकिन्रिजनं तो भाग गाळला. १७९९ मध्ये केंटकीनं दुसरा ठराव केला तेव्हा तो शब्द परत आला, पण त्याच ठरावात संघाचे कायदे आम्ही पाळू, हा आमचा गंभीर निषेध समजा, असंही होतं. जेफरसनच्या हस्ताक्षरातला मसुदा पुढे उजेडात आल्यावर नलिफायरांना आयतं कोलीत मिळालं. मॅडिसन आपल्या मित्राचं म्हणणं मवाळ करून सांगत राहिला. जेफरसन बोलला त्याहून कमी करून मोकळा झाला. कॅलहूनच्या शिष्यांनी बोललेलं जसंच्या तसं करायला घेतलं. व्हर्जिनियापुरती मॅडिसनची बाजू भक्कम आहे, जेफरसनपुरती नाही.

१० डिसेंबरला जॅक्सननं जाहीरनामा काढला: सशस्त्र बळावर संघ मोडणं हा देशद्रोह आहे. कॅलहूननं उपाध्यक्षपद सोडून सिनेटची जागा घेतली. साउथ कॅरोलायनाच्या मदतीला दक्षिणेतलं एकही राज्य आलं नाही. जॅक्सनचा जाहीरनामा न रुचलेल्या व्हर्जिनियानंसुद्धा फक्त मध्यस्थ पाठवला. शेवटी केंटकीचा सिनेटर हेन्री क्लेनं तडजोड घडवली. २ मार्च १८३३ ला एकाच दिवशी दोन कायद्यांवर सह्या झाल्या: एक बलप्रयोगाचा, दुसरा १८४२ पर्यंत जकात टप्प्याटप्प्यानं २० टक्क्यांवर आणणारा. अधिवेशन पुन्हा भरलं, त्यानं हुकूमनामा मागे घेतला आणि जाता जाता बलप्रयोग कायदा रद्दबातल ठरवला. दोघांनीही आपणच जिंकलो असं सांगितलं.

कोणताही ठराव केंटकीच्या ठरावाच्या जवळचा आहे की साउथ कॅरोलायनाच्या हुकूमनाम्याच्या, हे ओळखायचं तर त्यातली तत्त्वं बाजूला ठेवून दुसऱ्या दिवशी कचेरीत काय घडलं ते पाहावं. १८१४-१५ चं हार्टफर्ड अधिवेशन या कसोटीवर १७९८ कडे झुकतं: न्यू इंग्लंडच्या फेडरलिस्टांनी इंग्लंडशी चाललेल्या युद्धावर संताप व्यक्त केला, घटनादुरुस्त्या मागितल्या, आणि थांबले. गंमत म्हणजे ज्यांनी १७९८ चे ठराव धुडकावले होते त्यांच्याच तोंडी आता ती भाषा होती.

विस्कॉन्सिनचं उदाहरण जास्त अवघड आहे. १८५४ मध्ये मिलवॉकीत जमावानं जोशुआ ग्लोव्हर या पळून आलेल्या गुलामाला तुरुंगातून सोडवलं. पळालेले गुलाम मालकाला परत देण्याच्या संघीय कायद्याखाली त्या प्रकरणात अडकलेल्या शर्मन बूथ या संपादकाला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं संघाच्या ताब्यातून मुक्त केलं. मार्च १८५९ मध्ये संघाच्या सर्वोच्च न्यायालयानं हे एकमतानं चूक ठरवलं. त्यावर विस्कॉन्सिनच्या विधिमंडळानं जो ठराव केला तो केंटकीच्या १७९९ च्या वाक्यांवरून उतरवलेला आहे. फक्त ‘नलिफिकेशन’च्या जागी ‘उघड अवज्ञा’ असे शब्द घातले. शब्द केंटकीचे, बाजू गुलामगिरीच्या विरोधातली, आणि माझी सगळी सहानुभूती त्यांच्याकडे. पण त्यांच्या न्यायालयानं कैदी खरोखर सोडला होता. म्हणजे कृती १८३२ च्या जातीची होती, आणि ग्लोव्हरला सोडवणारी माणसं योग्य होती म्हणून ते नाकारता येत नाही.