भोकांतून उलगडणारं चिलखत

प्राचीन चिनी चिलखत जमिनीतून वर येतं तेव्हा ते बहुतेक वेळा चिलखत राहिलेलं नसतं. हाती लागतो तो कडांना भोकं पाडलेल्या लहान लहान पत्र्यांचा ढीग. ज्या दोऱ्यांनी आणि चामड्याच्या वाद्यांनी हे पत्रे एकमेकांत ओवलेले होते, त्या कधीच कुजून गेलेल्या असतात. युरोपातल्या सरदारांची पोलादी चिलखतं संग्रहालयांत माणसासारखी उभी दिसतात. चीनमध्ये मात्र शतकानुशतकं चिलखत ही ओवून केलेली वस्तू होती, आणि ओवण गेली की आकारही जातो. म्हणून अभ्यासकाला पत्र्यापेक्षा पत्र्यातलं भोक जास्त मोलाचं वाटतं. भोकं किती, कोणत्या कडेला, त्यांच्यात अंतर किती, यावरून हरवलेली दोरी कुठून कशी फिरली असेल याचा माग लागतो.

हबेई प्रांतात मानचेंग इथे १९६८ मध्ये हान राजघराण्यातल्या लिउ शेंगची कबर सापडली. त्याचा मृत्यू इ.स.पू. ११३ मधला. ही कबर प्रसिद्ध झाली ती त्याच्या अंगावरच्या जेडच्या पोशाखामुळे. पण याच कबरीत गुंडाळून ठेवलेलं एक लोखंडी चिलखतही होतं, गंजून पत्रे एकमेकांना चिकटलेलं. ते सोडवून पुन्हा जुळवल्यावर पत्रे भरले २,८५९ आणि वजन १६.८५ किलो. अशा कामात गंज हा शत्रूही असतो आणि साक्षीदारही. लोखंड गंजताना त्याला टेकलेल्या दोरीची वळणं, कापडाची वीण गंजात उमटते. धागा नाहीसा झाला तरी त्याचा ठसा मागे राहतो. त्यामुळे घाईने गंज खरवडून काढणं म्हणजे पुरावाच पुसून टाकणं.

लोखंडाच्या आधी चामडं होतं, आणि चामडं तर गंजतही नाही, थेट कुजतं. हुबेई प्रांतात सुइझोउला १९७८ मध्ये झेंगच्या यी नावाच्या सरदाराची कबर उघडली गेली. काळ साधारण इ.स.पू. ४३३. कबरीत पाणी भरलेलं होतं. तिथल्या चिलखतांचं चामडं नष्ट झालं होतं, पण त्यावर चढवलेलं रोगण टिकलं होतं. हे रोगण झाडाच्या चिकाचं. एकदा वाळून घट्ट झालं की पाणी त्याचं फारसं काही बिघडवू शकत नाही. म्हणजे चिलखत गेलं आणि त्याची साल उरली. किडा निघून गेल्यावर कात राहावी, तसं. त्या पोकळ सालीवरची भोकं धरून अभ्यासकांनी आख्खी चिलखतं पुन्हा उभी केली. मला या सगळ्या इतिहासातली ही सर्वांत सुंदर कामगिरी वाटते.

उलट शिनजियांगच्या कोरड्या वाळवंटात चामडंसुद्धा टिकतं. तुर्फानजवळ यांगहाई इथल्या एका कबरीत सापडलेल्या चिलखतात ५,४४४ लहान आणि १४० मोठे चामडी खवले आहेत, माशाच्या खवल्यांसारखे एकावर एक बसवलेले. त्यात एक काटा अडकून बसला होता. त्याची कार्बन-तपासणी केल्यावर काळ निघाला इ.स.पू. ७८६ ते ५४३. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने त्याच्या घडणीचं नातं थेट पश्चिम आशियातल्या असिरियन चिलखतांशी जोडलं. चीनच्या भूमीत सापडलेलं प्रत्येक चिलखत चिनी घडणीचं असेलच असं नाही, हे यावरून दिसतं.

जिथे वस्तूच उरली नाही, तिथे मूर्तींचा आधार घ्यावा लागतो. शिकागोतल्या फील्ड म्युझियमचे बर्थोल्ड लाउफर यांनी १९१४ मध्ये चिनी चिलखतांचा इतिहास मांडला, तो मातीच्या बाहुल्यांवरून सुरुवात करून. मूर्ती कधीकधी फार प्रामाणिक असते. चीनच्या पहिल्या सम्राटाच्या थडग्यासाठी शिआनजवळ पुरलेल्या मातीच्या सैन्यात छातीवर वरचा पत्रा खालच्या पत्र्यावर चढलेला दिसतो, तर पोटावर खालचा वरच्यावर. वाकताना पत्रे एकमेकांत सरकावेत म्हणून केलेली ही सोय घडवणाऱ्याने मातीतही चुकवली नाही. त्याच परिसरात १९९८ मध्ये चुनखडीच्या दगडाची चिलखतं मिळाली. जुळवलेल्या एका चिलखतात दगडाच्या ६१२ चकत्या, वजन सुमारे १८ किलो. लढाईत ती पहिल्याच घावाला तडकली असती. ती मृतांसाठीच होती. पण ओवण तांब्याच्या तारेची असल्याने, चामडी चिलखतांत कुजून जाणारी गोष्ट इथे उरली.

मात्र प्रत्येक मूर्तीवर असा विश्वास टाकता येत नाही. आठव्या शतकात तांग राजवटीच्या एका सरकारी ग्रंथात चिलखतांचे १३ प्रकार दिले आहेत. त्यातला एक ‘शानवेन’, म्हणजे डोंगराच्या नक्षीचा. देवळांतल्या रक्षक देवतांच्या अंगावर तीन टोकांच्या, एकमेकांत गुंतलेल्या तुकड्यांची नक्षी दिसते, आणि तेच शानवेन असं सर्रास लिहिलं जातं. पण तो नुसता तर्क आहे. तसा एकही पत्रा जमिनीतून निघालेला नाही. नाव एकीकडे, शिल्प दुसरीकडे, आणि दोन्हींना जोडणारी वस्तूच नाही. अशा वेळी नाव जोडायची घाई करू नये, असं माझं ठाम मत आहे.

सोंग काळातली कागदपत्रं मात्र चकित करतात. ११३४ च्या एका सरकारी हुकमात पायदळाच्या पूर्ण चिलखताचा हिशेब दिला आहे: अंगाचे ३३२ पत्रे, खांद्या-दंडांचे ५०४, मांड्यांवरच्या झालरीचे ६७९, शिरस्त्राणाच्या झालरीचे ३१०. एकूण १,८२५. वजन ५० जिनच्या आत हवं, म्हणजे साधारण ३० किलो. त्यात ओवणीच्या चामडी वाद्यांचं वजनही वेगळं नोंदलं आहे, पावणेसहा जिनांहून थोडं जास्त. साडेतीन किलो नुसती ओवण! उत्खननात नेमकं हेच वजन हाती लागत नाही.

त्याआधी, अकराव्या शतकात, शेन कुओ या विद्वानाने आजच्या शिनिंगच्या बाजूला राहणाऱ्या लोकांच्या चिलखताची कृती लिहून ठेवली. ते पत्रा न तापवता, थंड असतानाच ठोकत, जाडी एक तृतीयांश उरेपर्यंत. धातू थंड ठोकला की त्याच्या स्फटिकांतले दोष एकमेकांत अडकतात, थरांना सरकायला वाव राहत नाही आणि तो कडक होतो. तांबट मठारून भांड्याला कणखरपणा आणतो त्यामागे हेच शास्त्र आहे. पत्र्याच्या टोकाला चामखिळीएवढा भाग न ठोकता सोडत, मूळ जाडी दिसावी म्हणून. नकली कारागीर निकृष्ट लोखंडावर नुसती चामखीळ उठवतात, ती निव्वळ शोभेची, असंही शेन कुओने बजावलं आहे.

सीमेवरच्या एका छावणीत असं एक चिलखत पेटीत जपून ठेवलेलं होतं. हान ची या सेनापतीने ते काढून ५० पावलांवरून जबर आडव्या धनुष्याने (क्रॉसबोने) त्यावर बाण सोडायला लावले. बाण आत शिरेनात. एक तेवढा पार गेला. पाहिलं तर तो नेमका ओवणीच्या भोकात बसला होता, आणि भोकाच्या कडेने खरवडून त्याचं लोखंडी टोक उलटं वळलं होतं.